तू फुडे हो

१

न सांगता कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं कृष्णनाथला कधीच आवडलं नाही. लहानपणी एकदा घरात तांदळाचा दाणा नसताना चार पाहुणे उन्हातून आले होते, आणि आईने हसत हसत गूळ-पाणी देऊन त्यांना वाटेला लावलं होतं. पाहुणे वळणाआड गेल्यावर ती चुलीसमोर बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. तेव्हापासून त्याची सवय ठरून गेली. तो आणि धाकटा भाऊ बाबली सायकलींवरून कुठेही निघाले आणि गाव जवळ आला की तो म्हणायचा, "बाबल्या, तू ये सावकाश. मी फुडे जावन सांगतंय." मग पायडलांवर उभा राहून असा सुटायचा की बाबलीला दिसायची ती फक्त त्याची पाठ. त्याच्या सायकलीचं मागचं मडगार्ड खडखडायचं म्हणून त्याने ते कधीच काढून टाकलं होतं. त्यामुळे पावसाळ्यात त्याच्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत लाल चिखलाची एक सरळ रेघ उठलेली असायची. बाबली त्या रेघेमागे पायडल मारत राही. त्याला गाठणं एकदाही जमलं नाही.

आईबाप लवकर गेले. कृष्णनाथने बाबलीला वाढवलं, दुसरीतून शाळा सोडून पळाला तेव्हा दोन थोबाडीत दिल्या, आणि मग पेडण्याला पिंपळाखाली सायकल दुरुस्तीचं दुकानही घालून दिलं. स्वतः वास्कोला बंदरात कामाला लागला. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, बंदरात कामाला तोटा नव्हता. स्वतःचं लग्न बाजूला ठेवून वैशाखात त्याने बाबलीचं लग्न लावलं, आणि सुमंगलासाठी वास्कोहून चक्क लेडीज सायकल आणली. कापणी झालेल्या मळ्यात तो तिला शिकवायला उभा राहायचा. नवी सून थोरल्या दिराशी बोलत नाही, म्हणून तो हवेत बघून सांगायचा, "बाबल्या, तिका सांग, चाकाकडे बघू नको, फुडे बघ." सुमंगला पदर दातांत धरून पुढे बघायची आणि बांधावर जाऊन आदळायची.

"कार्तिकात तुमी दोगांय सायकलीन भोवान येवा," तो म्हणाला होता. "कोरगाव, इब्रामपूर, साळ, आणि मग मयेक आतेकडे. सगळी माझी माणसां. मी फुडे जावन सांगतंय."

भाद्रपदाच्या शेवटी बोटीच्या शिडीवरून त्याचा पाय सुटला. ट्रकमधून घरी आणला. सायकल वास्कोलाच राहिली. अंगणात ठेवलेल्या त्या माणसाच्या नाकात कापूस होता, आणि बाबलीला वाटत राहिलं की हे दुसऱ्याच कुणालातरी आणलंय.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेजाऱ्यांनी एकेक कबुली दिली. बाबलीक सांभाळतलंव, सुनेक अंतर दिवचे नाय. कावळे आंब्यावर बसून राहिले. भटजी घामाने निथळले. मग बाबलीला राहवलं नाही. तो उठला, पाय आपटत पुढे गेला आणि नेहमी बोलायचा तसाच बोलला, "दादा, कित्या अडलंस रे? तू फुडे हो! आमी मागसून येतंव!"

कावळा खाली उतरला.

भटजींचा हात पळीसकट तसाच राहिला. शेजारच्या म्हातारीने सुमंगलाला जवळ ओढून तिच्या डोक्यावर पदर घातला. बाबलीला मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच हलकं वाटलं. दादाने ऐकलं होतं.

२

कार्तिकात ते निघाले. नको म्हणणारे पुष्कळ होते. घरात दिवाळी झाली नाही आणि हा बायकोला घेऊन फिरायला चाललाय, म्हणून लोक तोंडावर बोलले. "दादान सांगलेलां," एवढंच बाबली म्हणायचा आणि चेनला तेल सोडायचा.

कोरगावात शिरले तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं. बाई सायकल चालवते म्हटल्यावर पोरं शेतातून धावत आली. बायका काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावर चढल्या. "अगे बाय, पडशीत!" कुणी ओरडलं. "पडतली कशी, तुझ्यासारकी जाडी हा काय ती?" दुसरीने ऐकवलं, आणि सगळा गडगा हसला. सुमंगलाचे कान लाल झाले, पण हँडल हललं नाही.

दादाचा मित्र असलेल्या गोकुळदासच्या सोप्यावर दोन पाट मांडलेले होते. पाण्याचा तांब्या होता, गुळाचा खडा होता, आणि नव्या भाताचे फोव, म्हणजे पोहे, दुधात भिजत घातलेले होते.

"येवा, येवा! वाट बघून डोळे दुखाक लागले," गोकुळदासची बायको म्हणाली. गोकुळदास म्हापशाच्या बाजाराला गेला होता.

बाबली पाय धुता धुता थांबला. "आमी येतंव म्हणान कोणी सांगलां?"

"सकाळी फाटफटीच कोण एकटो सायकलीवरसून आयलो नि सांगून गेलो. 'मागसून दोगां येतत,' म्हणालो. बस म्हटलां तर बसाक नाय. सायकलीवरसून उतराक पण नाय. एक पाय हय पायरेर ठेवलो, सांगलां, आणि गेलो. सर्दी झाल्ली त्येका. नाकात बोलत होतो."

बाबलीने फोवाचा घास घेतला. पेडण्याचा कुणीतरी असणार. दुकानावर येणाऱ्या दहा जणांना त्याने बेत सांगितला होता, त्यातलाच एखादा कामाला आला असेल, आणि बाबल्याची चेष्टा करावी म्हणून आधी पोचला असेल. असं होतं. माणसं चेष्टा करतात.

"गोकुळदासभाऊ आसते तर त्येंनी वळखलां असतां," सुमंगला हळूच म्हणाली. तिने फोव खाल्ले नव्हते. ती पायरीकडे बघत होती.

पायरी कालच शेणाने सारवलेली, सुकून पिवळी पडलेली होती. तिच्यावर एका चपलेचा ठसा होता. लाल, आणि अजून ओला.

पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते.

३

तरी तो दिवस असा गेला की बाबली तो जन्मात विसरायचा नाही. प्रत्येक वाडीवर माणसं रस्त्याला येऊन उभी होती. कुणी शहाळं कापून पुढे केलं, कुणी दिवाळीचे उरलेले झेंडू सुमंगलाच्या हँडलला बांधले. एका देवळाजवळ भजनाची पेटी दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्याने दोघांना बघून मुद्दाम भाता दाबला आणि वरातीचा सूर काढला. "तुमीच मां ती? येतत म्हणान आयकलेलां!" जो तो म्हणायचा. कुणाकडून ऐकलं हे बाबलीने विचारणं सोडून दिलं. चढ लागला तरी छाती भरून येत होती. दादा असता तर, असं त्याच्या मनात येई, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत तो पायडल जोरात मारी.

संध्याकाळ व्हायच्या आत इब्रामपूरला नदीवर आले. पलीकडे साळ. होडीवाल्या शिवदासने सायकली होडीत आडव्या घातल्या आणि बाबलीकडे निरखून बघितलं.

"कृष्णनाथचो भाव मां तू? तोंडावळो तोच," तो म्हणाला. "तुझ्या फुडल्याक दोपारीच पलीकडे सोडलंय."

"कसो होतो तो?"

"तोंड बघूक गावला नाय. होडीच्या फुड्यात माका पाठ करून बसलो. उतराक सांगलां तरी सायकलीवरच. मी म्हटलां, बाबा, होडी कलांडतली." शिवदासने वल्ह्याने किनारा सोडला. होडी दोघांच्या वजनाने जरा खाली बसली आणि मग पाण्याला लागली. तो त्या बसण्याकडे बघत राहिला. "बारा वर्सां मी होडी हाकतंय. माणूस चढलो काय पायाक कळता. आता तुमी चढलात, कळलां. तो चढलो, सायकल चढली, आणि होडी बोटभर खाली गेली नाय."

पाणी संथ होतं. सुमंगलाने होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"पाठीर काय होतां त्येच्या?" बाबलीने विचारलं. आपला आवाज एवढा आनंदी का येतोय हे त्यालाच कळेना.

"चिकल," शिवदास म्हणाला. "हय सगळीकडे धुळो उडता आणि ह्येच्या पाठीर वल्या चिकलाची रेग. शिंपडां अजून गळत होती."

बाबली उठून उभाच राहिला. होडी डगमगली. "बसा!" सुमंगला ओरडली, पण तो पलीकडच्या काठाकडे बघून हसत होता आणि रडत होता.

"दादा फुडे आसा गो," तो म्हणाला. "दादा आमच्या फुडे आसा!"

"फुडे म्हणजे खंय?" सुमंगलाने विचारलं.

त्याने ते ऐकलं नाही.

४

साळला जानकीबाईच्या घरी उजेड असतानाच जेवणं झाली. जानकीबाई विधवा, एकटीच राहायची. तिचा नवरा आजारी असताना कृष्णनाथ दर रविवारी डॉक्टरला सायकलीवर बसवून आणायचा, त्यामुळे ती त्याला मुलासारखं मानायची. तिने दोघांना उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, आमटी वाढली, आणि स्वतः जनेलापाशी बसून बाहेर बघत राहिली.

"रागावलो काय तो माझ्यार?" ती शेवटी म्हणाली. "कृष्णनाथ म्हणान हाक मारलंय. हयसरच होतो, ह्या पायरेर पाय ठेवन. वळान बघाक नाय. 'मागसून दोगां येतत' म्हणालो, आणि सुटलो. नाकात काय झालां त्येच्या?"

मग सुमंगला म्हणाली, "ते आता नायत. भाद्रपदात गेले."

जानकीबाई ओरडली नाही. तिने आधी जनेल लावून घेतलं. मग येऊन बाबलीसमोर बसली.

"तेरावो झालो?"

"झालो."

"कावळो शिवलो?"

"शिवलो."

"काय सांगलंस त्येका?"

बाबलीने सांगितलं. सांगताना त्याला पुन्हा अभिमान वाटला, कारण एवढ्या मोठ्या माणसांना जमलं नव्हतं ते त्याच्या एका हाकेने झालं होतं. जानकीबाईने तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही. त्या हातामागूनच तिने विचारलं, "उद्या खंय?"

"मयेक. पद्मावती आतेकडे."

"आणि तिच्या फुडे?"

"तिच्या फुडे कोण नाय. आमचां असां तेवढांच एक घर उरलेलां."

"मगे बाबा, मयेसून फुडे जावन तो कोणाक सांगतलो, तुमी दोगां येतास म्हणान?"

बाबलीने विचार केला नाही. तो कधीच करायचा नाही. "आईक," तो म्हणाला. "बापाशीक."

आणि बोलल्यावर त्याला ते ऐकू आलं.

चुलीतलं लाकूड एकदा तडकलं. सुमंगला खरकटी ताटं उचलत होती, ती तशीच वाकलेली राहिली.

"सकाळी हयसूनच माघारी जावा," जानकीबाई म्हणाली.

५

सकाळी बाबली सायकल मयेच्या वाटेला लावूनच उभा होता. रात्रभर त्याने स्वतःशी वाद घातला होता. ठसा कुणाचाही असेल. होडीवाला पितो असेल. म्हातारीची नजर गेली असेल. आणि तसं नसेल, तर मग दादा आहे. दादा असेल तर भीती कसली? ह्याच माणसाने आपल्याला खांद्यावरून जत्रेला नेलं. एकदा, फक्त एकदा त्याला गाठायचं, समोर जाऊन हँडल धरायचं.

"तू हय रव," तो सुमंगलाला म्हणाला. "मी दादाक गाठून येतंय."

ती सायकल पुसत होती. कालचे झेंडू तिने काढून टाकले नव्हते. "तुमी 'मी येतंय' नाय म्हटलंत," ती म्हणाली. "'आमी' म्हटलंत. माका इचारूक पण नाय."

बाबलीची मान खाली गेली.

"हय रवलंय तर हय येतलो माका न्हेवक," ती म्हणाली. "त्यापरीस तुमच्या मागेच बरी." आणि टांग मारून त्याच्याही पुढे निघाली. मेणकुऱ्याच्या चढावर त्याला तिला गाठायला दम लागला.

त्या दिवशी तर लोकांनी कहर केला. खाणींना सुट्टी होती, ट्रक उभे होते, ड्रायव्हर-क्लिनर रिकामे. बाईला लाल धुळीतून सायकलीवर येताना बघून त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एकामागून एक, सगळी रांग. "वहिनी, भावाक मागे टाका!" एक ओरडला. सुमंगलाने खरंच एक पायडल जास्त मारलं आणि ट्रकांच्या टपांवरून टाळ्या पडल्या. मुळगावला एका हॉटेलवाल्याने रस्त्यात येऊन दोघांना थांबवलं. दोन कप चहा आणि पावाचे दोन उंडे फळीवर तयार होते.

"कधी सांगून गेलो तो?" बाबलीने विचारलं.

"हो काय! च्या अजून निवूक नाय," हॉटेलवाला म्हणाला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

वळणावर धूळ खाली बसत होती.

बाबलीने चहा तसाच टाकला.

६

मुळगाव सुटल्यावर माथा लागतो. भर दुपार, झाड नाही, दोन्ही बाजूंना खाणीची लाल माती ढिगाने ओतलेली. ट्रकांचे आवाज मागे राहिले होते. बाबलीला आपल्याच सायकलीचा आवाज येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक. आयुष्य फ्रीव्हील उघडण्यात गेलेलं. कुठली सायकल कशी टिकटिकते हे त्याला झोपेतही कळायचं. ही टिकटिक त्याने स्वतः दादाच्या चाकात बसवलेली होती. मधला एक दात मोडका होता, म्हणून प्रत्येक फेऱ्याला एक ठोका चुकायचा.

ढिगाऱ्याचं वळण संपलं आणि तो दिसला.

पांढरा शर्ट. सरळ पाठ. पाठीवर रेघ, लाल, ओली, उन्हात चमकणारी. तो पायडलांवर उभा नव्हता. बसून चालला होता, घाई नसल्यासारखा, आणि तरी अंतर तेवढंच राहत होतं.

"दादा!"

पाठ हलली नाही. बाबली पायडलांवर उभा राहिला. मागे कुठेतरी सुमंगला होती, पण किती मागे हे त्याने बघितलं नाही. उतार लागला. वारा कानांत शिरला. आणि जन्मात पहिल्यांदा अंतर कमी व्हायला लागलं! त्याच्या तोंडून आरोळीच फुटली. पन्नास हात. तीस. खाली रस्त्याला फाटा होता. उजवीकडे माडांची रांग, तिच्यात आतेचं कौलारू घर. डावीकडे बंद पडलेल्या खाणीचा खड्डा, काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेला.

पांढरा शर्ट डावीकडे वळला. बाबलीने बघितलं आणि तोही डावीकडे वळला. ब्रेकवर त्याचा हात गेलाच नाही. दहा हात. चिखलाचे थेंब उडून त्याच्या ओठांवर बसले, आणि ते समुद्रासारखे खारट होते.

तेवढ्यात वरून हाक आली.

"भावोजी!"

ती बाबलीला नव्हती. सुमंगला उताराच्या टोकाला उभी होती, सायकल बाजूला आडवी, पदर डोक्यावरून पडलेला, आणि जी कधी त्या माणसाशी अर्धा शब्द बोलली नव्हती ती गळा फाडून ओरडत होती, "भावोजी, थांबा! एक माणूस मागे रवलां! मी येवक नाय! माका कोणी इचारूक नाय, भावोजी!"

पुढची सायकल थांबली.

एक पाय खाली टेकला. टिकटिक बंद झाली. बाबलीने दोन्ही ब्रेक दाबले, चाक घसरलं, आणि तो गुडघ्यावर फरफटत त्या मडगार्ड नसलेल्या चाकापासून हातभर अंतरावर थांबला. समोर दोन पावलांवर खड्ड्याची कड होती. तिथली माती आत ढासळत होती.

पाठीवरची मान वळायला लागली. सावकाश, वळायची सवय मोडल्यासारखी. आधी कान दिसला. तो दादाचाच कान होता, वरची पाळ दुमडलेली. मग गाल. मग नाकपुडी, आणि तिच्यात भिजून काळा पडलेला कापूस.

पुढचं बघायला बाबली थांबला नाही. सायकल तशीच टाकून तो चढावर पळाला, सुमंगलाचा हात धरला, तिची सायकल उचलली, तिला मागे कॅरियरवर घेतलं आणि उजव्या फाट्याला लागला. मागे वळायचं नाही हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर ज्याच्या मागे पळाला, त्याच्या पुढे तो आता पळत होता. ती वाऱ्यात ओरडली, "जोरान! आणखी जोरान!" आणि दोघांना हसू फुटलं. वेड लागल्यासारखं हसत, ओरडत, लेडीज सायकलीवर दोघं, माडांच्या रांगेतून आतेच्या अंगणात जाऊन धडकली आणि तुळशीजवळ उपडी पडली.

७

पद्मावती आते दारात आली. हातात केरसुणी, डोक्यावर पदर नाही, चूल थंड.

"कोण ता? बाबली? अरे मेल्या! सुनेक पहिल्यांदा हाडतंस आणि आगाऊ कळवक नाय? घरात काय आसा ता मी आता तुमच्या तोंडात घालू? तुझ्या भावान तुका एवढां शिकवक नाय?"

बाबलीने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते उचलेचना. कुणी सांगितलं नव्हतं. ह्या घरी येऊन कुणीच काही सांगितलं नव्हतं. दादा गेल्यापासून तो असा रडला नव्हता. आतेच्या शिव्या हळूहळू थांबल्या. तिने त्याच्या केसांतली लाल माती झाडली, गुडघा बघितला, सुमंगलाच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन चूल पेटवली.

शेजारून मासे आले. कुणी नारळ आणला, कुणी लोणचं. खाणीतल्या ट्रकवाल्यांनी बातमी पोचवली होती. सायकलवाली वहिनी पेडण्याहून मयेपर्यंत आली म्हणून अर्धा वाडा सोप्यावर जमला. सुमंगलाला मध्ये बसवून बायका तिचे तळहात बघत होत्या, हँडलाने पडलेले घट्टे दाबून बघत होत्या. "माका पण शिकव गो," एक म्हातारी म्हणाली, आणि सोपा कोसळल्यासारखा हसला.

केळीची पानं मांडली. भात वाफाळत होता. बाबलीने पहिला घास घेतला तेव्हा त्याला कळलं की दीड महिना आपल्याला भूकच नव्हती. तो बकाबका खात सुटला.

मग रस्त्यावरून हाक आली.

"बाबल्याऽऽ"

नाकातून. ओळखीची. गाव जवळ आला की मारायचा तशीच.

पानांवरचे हात थांबले. कुणी मान वर करून बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे, बघितलं नाही. सुमंगलाच्या बोटांतून भात सांडला.

"बाबल्याऽऽ, चल मरे."

आतेने त्या पोराला अंगावर खेळवलं होतं. आवाज तिला कळला नाही असं नाही. तिच्या हातातली भाताची परात खाली येत होती. पण कुणी जेवत असेल तर त्याला पानावरून उठवायचं नाही, मग दारात सरकारी माणूस येवो नाहीतर सोयरा. हे तिच्या घरात तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं होतं. तिने परात सावरली, रस्त्याकडे तोंड केलं आणि वाड्याच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, कुणाही दारच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं,

"जेवता तो!"

बाहेर काहीच हललं नाही. जाण्याचा आवाज नाही, येण्याचा नाही. कोणीतरी तिथे उभं राहून ऐकत होतं. सगळ्यांनी बाबलीकडे बघितलं. त्याचा डावा हात जमिनीवर टेकला होता, उठताना टेकतो तसा. गालांवरून पाणी पानात पडत होतं. सुमंगलाने त्याला धरलं नाही.

बाबलीने टेकलेला हात उचलून मांडीवर ठेवला. बेड्यावर एक माडाचं झावळ करकरलं.

"आते," तो म्हणाला, आणि बाहेरच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "भात घाल. आणखी घाल. आणि हिका पण वाढ."